चुकलेल्या पत्त्याचा व्यापार

पत्रावरचा पत्ता चुकला तर टपालखातें काय करतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. गांवांत त्या नांवाचा मनुष्य नसेल, तर पोस्टमन चार घरीं विचारपूस करतो, आणि अखेर ‘पत्ता लागत नाहीं’ असा शेरा घेऊन तें पत्र पाठविणाराकडे परत येतें. परत आलेलें पत्र पाहून मनास थोडी रुखरुख लागते खरी. परंतु त्या पाकिटावरून एक निश्चित माहिती आपणांस मिळते, ती ही कीं, आपण लिहिलेला पत्ता खरा नव्हे. आतां अशी कल्पना करा, कीं एखाद्या गांवच्या पोस्टमास्तरानें पत्ता न लागणारीं सर्व पत्रें परत न पाठवितां पेठेंतील एका दुकानदाराच्या स्वाधीन करण्याचा प्रघात पाडला. दुकानदार प्रत्येक पत्राच्या उत्तरीं आपल्या मालाची यादी धाडूं लागला. आणि त्याबद्दल पोस्टमास्तरास दरमहा कांहीं रक्कम पोंचूं लागली. ‘लोकांची सोय व्हावी एवढाच आमचा हेतु’ असें हे गृहस्थ उद्यां सांगूं लागले, तर आपण त्यांस काय म्हणूं?

टपालांत असें घडत नाहीं. इंटरनेटवर मात्र नेमकें हेंच पुष्कळ वर्षें घडत आलें आहे. मनुष्य घाईंत एखाद्या संकेतस्थळाचें नांव लिहितो, एक अक्षर इकडचें तिकडे होतें, आणि ‘असें ठिकाण नाहीं’ हें साधें उत्तर मिळण्याऐवजीं त्याच्यापुढें जाहिरातींनीं भरलेलें एक पान उभें राहतें. हें पान त्यानें मागितलेलें नसतें. तें पाठविलेलें असतें त्याच्याकडून दरमहा वर्गणी घेणाऱ्या इंटरनेट कंपनीनें. तिनें असें कां करावें, आणि तिच्या ह्या करण्यानें कोणाचें काय बिघडतें, ह्याचा विचार आज आम्ही करणार आहों. विषय वरवर पाहतां यंत्रशास्त्राचा आहे. परंतु ज्या घरांत एकाच जोडणीवर आजोबा पेन्शनचें पान पाहतात, सूनबाई परगांवच्या कचेरीचें काम करतात आणि मुलें शाळेचा अभ्यास करतात, त्या घराशीं त्याचा संबंध अगदीं निकटचा आहे.

प्रथम ही नांवांची व्यवस्था काय आहे तें पाहिलें पाहिजे. इंटरनेटवरील यंत्रें एकमेकांस ओळखतात तीं अंकी पत्त्यांवरून. मनुष्याच्या स्मरणांत अंक राहत नाहींत, नांवें राहतात. म्हणून नांवावरून अंक काढून देणारी सोय आरंभापासूनच लागली. जाळें लहान होतें तोंवर सर्व नांवांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर ह्या विदुषींच्या कचेरीकडे तिचें काम होतें. नवा संगणक जोडावयाचा, तर त्या कचेरीस कळवावयाचें, आणि इतरांनीं सुधारलेली यादी आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यावयाची. एकत्र कुटुंबांत जमाखर्चाची वही एकाच वडीलधाऱ्या माणसाच्या हातीं असावी, तसाच हा प्रकार. कुटुंब वाढलें तशी वही अपुरी पडूं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस ह्या शास्त्रज्ञानें एक नवी योजना रचली, आणि तिलाच आज डोमेन नेम सिस्टिम, किंवा थोडक्यांत डीएनएस, असें म्हणतात.

ह्या योजनेचें मर्म अधिकाराच्या वांटणींत आहे. शिखरावर जे मूळ सर्व्हर आहेत त्यांस सर्व नांवें ठाऊक नसतात. ‘डॉट कॉम’ची वही कोणापाशीं आहे, ‘डॉट इन’ची कोणापाशीं, एवढेंच ते सांगतात. ‘डॉट कॉम’चा वहीवाला पुढें अमुक नांवाची माहिती कोठें मिळेल तें सांगतो, आणि अशा पायऱ्यांनीं शेवटीं अंक हातीं येतो. आपल्या घरचा संगणक स्वतः ह्या पायऱ्या चढत नाहीं. इंटरनेट पुरविणारी कंपनी त्याच्या वतीनें चौकशी करणारा एक सर्व्हर ठेवते, त्यास ‘रिझॉल्व्हर’ म्हणतात. घरांतील प्रत्येक यंत्र आपला प्रश्न त्याच्याकडे टाकतें आणि तो देईल तें उत्तर खरें मानून पुढें चालतें. हें उत्तर मुख्यतः दोन प्रकारचें असूं शकतें. एक, अमुक अंक. दुसरें, ‘ह्या नांवाचें कोणी नाहीं’. ह्या दुसऱ्या उत्तरास मूळ नियमांत तीन हा अंक नेमून दिलेला आहे, आणि जाणकार मंडळी त्यास ‘एनएक्सडोमेन’ ह्या नांवानें ओळखतात. हा कांहीं व्यवस्थेंतील बिघाड नव्हे. ‘आहे’ हें जितकें पूर्ण उत्तर, तितकेंच ‘नाहीं’ हेंही पूर्ण उत्तर. इतकें कीं, हा नकार किती वेळ जपून ठेवावा आणि कोणत्या वेळीं पुन्हां विचारावें ह्याचे निराळे नियम १९९८ सालीं बांधण्यांत आले.

मग कंपन्यांस ह्या नकाराची अडचण काय होती? अडचण कांहींच नव्हती; उलट त्यांस त्यांत एक पडीक जमीन दिसली. चुकीचें नांव लिहिणारा मनुष्य कांहीं तरी शोधीत असतो, तेंही ह्याच क्षणीं. त्यास काय हवें आहे तें त्यानें लिहिलेल्या चुकीच्या नांवांतच बहुधा दिसत असतें. जाहिरातदारास ह्यापेक्षां चांगलें गिऱ्हाईक कोठें मिळणार? शोधपानांवरील जाहिरातींचा हिशेब प्रत्येक क्लिकमागें होतो. तेव्हां असें पान पुढें केलें आणि शेंकड्यांतल्या कांहींनीं जरी त्यावर बोट ठेवलें, तरी पैसा सुरू होतो. त्यासाठीं नवी तार ओढावी लागत नाहीं, नवा नोकर ठेवावा लागत नाहीं. रिझॉल्व्हरनें जेथें ‘नाहीं’ म्हणावयाचें, तेथें जाहिरातींच्या सर्व्हरचा अंक सांगितला म्हणजे झालें. ब्रिटनमधील बेअरफ्रूट आणि अमेरिकेंतील पॅक्सफायर ह्यांसारखे स्वतंत्र उद्योगच एवढ्यासाठीं निघाले, आणि मिळकतींत वांटा देण्याच्या बोलीवर ते हें काम इंटरनेट कंपन्यांस करून देऊं लागले. अमेरिकेंत अर्थलिंकनें २००६ सालीं हा क्रम सुरू केला, व्हेरिझॉननें २००७ सालीं. कॅनडांत रॉजर्सनें २००८ सालीं. आणि २००९ सालीं अमेरिकेंतील कॉमकास्ट व जर्मनींतील डॉइच टेलिकॉम ह्या बड्या कंपन्या त्यांत उतरल्या. कॉमकास्टनें आपल्या योजनेस ‘डोमेन हेल्पर’ असें नांव दिलें होतें, आणि जर्मन कंपनीनें ‘दिशादर्शनाचें साहाय्य’ अशा अर्थाचें. नांवें ठेवण्यांत ही मंडळी फार कुशल असतात!

त्यांची बाजू अगदींच पोकळ होती असें मात्र नाहीं, आणि ती न ऐकतां निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें, कीं सामान्य मनुष्यास ‘सर्व्हर सांपडत नाहीं’ हा रूक्ष संदेश पाहून कांहींच बोध होत नाहीं. त्याऐवजीं ‘आपणांस हें हवें होतें काय?’ असें विचारणारें पान मिळालें तर त्याचा वेळ वांचतो. शिवाय ब्राउझर तयार करणारेही हेंच करीत आले आहेत. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर चुकलेल्या नांवावरून वापरणारास आपल्याच एमएसएन शोधपानावर नेत असे. मग ब्राउझरनें केलें तें साहाय्य, आणि आम्हीं केलें तर ती लबाडी कां?

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस महत्त्वाचें वाटतें. ब्राउझर हा वापरणाराच्या मेजावर बसलेला असतो. पलीकडे मनुष्य आहे, तो पान पाहण्यासाठीं थांबला आहे, हें त्यास ठाऊक असतें. त्यास खरें उत्तर मिळालेलें असतें, आणि त्यावर तो आपल्या पदरची सूचना जोडतो. ती नको असेल तर बंद करतां येते किंवा दुसरा ब्राउझर घेतां येतो. रिझॉल्व्हरची गोष्ट निराळी. त्याच्याकडे प्रश्न येतो तो नुसत्या नांवाचा. तो मनुष्यानें विचारला, कीं टपाल वाहणाऱ्या यंत्रानें, कीं कचेरींतील छपाईयंत्र शोधणाऱ्या संगणकानें, हें त्यास कळण्याचा मार्गच नाहीं. म्हणून मनुष्याच्या सोयीसाठीं बदललेलें उत्तर तो सर्वांसच देतो. आणि जाहिरात वाचतां न येणाऱ्या यंत्रांच्या हातीं केवळ असत्य पडतें.

हें असत्य जगाच्या पदरीं एकदम किती मोठ्या प्रमाणावर पडूं शकतें, ह्याचा धडा २००३ सालींच मिळाला होता. तो दिला कोणा इंटरनेट कंपनीनें नव्हे, तर ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’ ह्या दोन वह्या ज्या संस्थेच्या हातीं आहेत त्या व्हेरिसाईननें. १५ सप्टेंबर २००३ रोजीं तिनें ह्या दोन्ही वह्यांत एक सर्वव्यापी नोंद घातली. तिचा अर्थ असा कीं, जें नांव कोणीं घेतलेलें नाहीं तें कोणीही विचारलें, तरी ‘नाहीं’ न म्हणतां व्हेरिसाईनच्या ‘साइट फाइंडर’ नामक पानाचा अंक सांगावा. एका दिवसांत ‘डॉट कॉम’मधील प्रत्येक कल्पनीय नांव अस्तित्वांत आलें! पुराणांतील मायानगरी ह्याहून काय निराळी असेल?

परिणाम ताबडतोब दिसूं लागले. नको असलेल्या टपालाचा लोंढा अडविण्यासाठीं पुष्कळ टपाल-सर्व्हर एक साधी परीक्षा घेत: पत्र ज्या नांवावरून आलें म्हणून सांगतें तें नांव खरोखर अस्तित्वांत आहे काय? नसेल तर पत्र बाहेरच्या बाहेर परत. आतां प्रत्येक बनावट नांव ‘आहे’ असें उत्तर येऊं लागल्यानें ही परीक्षा निकामी झाली. खऱ्या पत्रांचीही तीच गत. पाठविणाराकडून नांव लिहितांना चूक झाली तर पूर्वीं त्याच्याच यंत्रास तें लगेच कळे. आतां त्याचें यंत्र व्हेरिसाईनच्या दाराशीं जाऊन पत्र कोणाचें व कोणास हें सांगे, आणि मग तेथून नकार घेऊन परत येई. दोन व्यक्तींमधील खासगी पत्रव्यवहाराची ही वार्ता तिऱ्हाइताच्या कानीं कां जावी, असा प्रश्न लोकांनीं विचारला तो अगदीं रास्त होता.

ह्यावर इंटरनेट चालविणाऱ्या तज्ज्ञांचा जो क्षोभ उसळला, तसा त्यापूर्वीं क्वचितच उसळला असेल. डीएनएसचें सर्वांत प्रचलित सॉफ्टवेअर जें ‘बाइंड’, त्याच्या कर्त्यांनीं दोन-चार दिवसांतच अशी सुधारणा काढली, कीं जिच्या योगानें ही खोटी उत्तरें ओळखून त्यांचें पुन्हां ‘नाहीं’ करतां यावें. १९ सप्टेंबरला इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डानें आपलें टीकापत्र प्रसिद्ध केलें, आणि त्याच दिवशीं नांवव्यवस्थेची जागतिक देखरेख करणाऱ्या आयकॅन ह्या संस्थेनें योजना आपण होऊन थांबविण्याची विनंती केली. व्हेरिसाईननें ती मानली नाहीं. शेवटीं ३ ऑक्टोबरला आयकॅननें कराराचा आधार घेऊन निर्वाणीचें पत्र धाडलें, तेव्हां दुसऱ्या दिवशीं साइट फाइंडर बंद पडलें. अवघे एकोणीस-वीस दिवस तें चाललें. पुढें फेब्रुवारी २००४ मध्यें व्हेरिसाईननें उलट आयकॅनवरच दावा लावला, हें ह्या कथेचें एक मासलेवाईक उपकथानक. नंतर नवीं नामकुलें देतांना असा प्रकार करावयाचा नाहीं अशी अटच आयकॅननें करारांत घातली. मात्र देशांच्या नांवांचीं जीं कुलें आहेत त्यांच्यावर तिचें असें बंधन चालत नाहीं. आफ्रिकेंतील कॅमेरून देशाचें ‘डॉट सीएम’ हें कुल ‘डॉट कॉम’ लिहितांना एक अक्षर गळलें कीं आपोआप लिहिलें जातें. २००६ सालीं त्या कुलांत अशीच सर्वव्यापी नोंद घालून जगभरच्या घाईची पेरणी न करतां कापणी करण्यांत आली.

वहीवाल्यास असा लगाम बसला. परंतु घरोघर इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांशीं आयकॅनचा कांहींच करार नसतो. त्यामुळें वर सांगितलेल्या कंपन्यांनीं तोच खेळ आपल्या रिझॉल्व्हरवर मांडला, आणि त्यांतून निघालेलें एक संकट तर साइट फाइंडरहून गंभीर होतें. अर्थलिंकच्या योजनेंत साफ नसलेलीं नांवेंच नव्हेत, तर प्रतिष्ठित संस्थांच्या नांवांखालील न उघडलेल्या शाखाही जाहिरातींच्या सर्व्हरकडे वळविल्या जात. एखाद्या बँकेच्या नांवापुढें कोणीं भलताच शब्द जोडला, तर ब्राउझरच्या पट्टींत नांव दिसे बँकेचें, आणि पान येई बेअरफ्रूटच्या यंत्रावरून. ब्राउझर बिचारा नांवावर विश्वासतो; त्या नांवाच्या घरांत जीं ओळखपत्रें ठेवावयाचीं तीं तो ह्याही पानास दाखवावयास तयार होतो. एप्रिल २००८ मध्यें डॅन कामिन्स्की आणि जेसन लार्सन ह्या दोघां सुरक्षातज्ज्ञांनीं सिॲटल येथील एका परिषदेंत सप्रयोग दाखवून दिलें, कीं बेअरफ्रूटच्या पानांतील एका दोषाचा फायदा घेऊन कोणाही चोरास वाटेल त्या संकेतस्थळाचें सोंग घेतां येईल. तो विशिष्ट दोष लगेच दुरुस्त करण्यांत आला. परंतु त्यांतली खरी गोष्ट ही, कीं बँकेनें आपल्या घराचे सर्व दरवाजे कितीही बळकट केले, तरी तिच्या नांवानें तिसऱ्यानेंच भिंतींत एक खिडकी पाडून ठेवली होती, आणि ती आहे हें बँकेस माहीतही नव्हतें.

येथें आम्हांस अल्मन स्ट्रौजर ह्याची गोष्ट आठवते. हा गृहस्थ अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. त्या काळीं टेलिफोनचा प्रत्येक बोलावा एक्स्चेंजमधील बाईंच्या हातून जोडला जाई. असें सांगतात, कीं स्ट्रौजरच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नीच तेथें कामावर होती, आणि दुःखांत असलेले लोक स्ट्रौजरला मागत असतां ती त्यांस आपल्या यजमानाकडे जोडून देई. गोष्टीचा तपशील खरा असो वा नसो, स्ट्रौजरनें मधला मनुष्य वगळून आपोआप जोडणी करणारें यंत्र शोधून काढलें, १० मार्च १८९१ रोजीं त्यास पेटंट मिळालें, आणि पुढच्याच सालीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें तें एक्स्चेंज सुरू झालें, हें इतिहाससिद्ध आहे. जोडून देणाराच्या हातीं केवढी सत्ता असते, हें टेलिफोनच्या बालपणींच लोकांस उमगलें होतें.

ही सत्ता एकदां वापरण्याची चटक लागली म्हणजे ती ‘नसलेल्या’ नांवांपाशीं थांबत नाहीं. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील निकोलस वीव्हर, ख्रिस्तियान क्राइबिख आणि व्हर्न पॅक्सन ह्या संशोधकांनीं २०११ सालीं असें प्रसिद्ध केलें, कीं अमेरिकेंतील कांहीं कंपन्यांचे रिझॉल्व्हर बिंग व याहू ह्या अस्तित्वांत असलेल्या, सुप्रसिद्ध शोधपानांच्या नांवांनाही खोटे अंक देत होते. प्रश्न मधल्याच एका यंत्रावरून जाई. आणि गिऱ्हाइकानें एखाद्या मोठ्या दुकानाचें नांव शोधलें, तर शोधाचें पान न दाखवितां त्यास परभारें त्या दुकानांत नेऊन सोडीत व दुकानाकडून दलाली उपटीत. गिऱ्हाइकास ह्याचा पत्ताही नसे. ‘नाहीं’च्या जागीं ‘आहे’ सांगण्यापासून ‘आहे तें येथें आहे’ असें भलतेंच सांगण्यापर्यंतची ही मजल पाहिली, म्हणजे पहिल्या पायरीकडे आम्ही एवढ्या कडक नजरेनें कां पाहतों तें वाचकांच्या ध्यानीं येईल.

कंपन्यांनीं सुटकेची वाट ठेवली नव्हती असें नाहीं. व्हेरिझॉनच्या गिऱ्हाइकास आपल्या रिझॉल्व्हरच्या पत्त्यांतील शेवटचा अंक बारा असेल तो चौदा करावा लागे. तसें केलें कीं खरीं उत्तरें मिळत. आतां हें घरच्या वडील मंडळींनीं कसें करावें आणि त्यांस सांगणार कोण? कांहीं ठिकाणीं तर ही सुटका नांवापुरतीच असे. ‘मला हें नको’ असें कळविलें तर ब्राउझरमध्यें एक खूण ठेवली जाई. आणि पुढें चुकलेलें नांव लिहिलें कीं कंपनीचाच सर्व्हर ब्राउझरच्या संदेशासारखें दिसणारें एक बनावट पान दाखवी. मनुष्याचें समाधान होई. टपाल आणि इतर यंत्रें पूर्वींप्रमाणेंच फसत राहत. नकाराचें सोंग आणण्यापर्यंत जाणाऱ्यांस खरा नकार देणें इतकें जड कां जावें, हें आम्हांस कोडेंच आहे. घरीं बसून कचेरीचें काम करणारांस ह्याचा त्रास विशेष. कचेरीच्या खासगी जाळ्यांतील नांवें बाहेरच्या जगांत नसतातच. बाहेरून ‘नाहीं’ आलें म्हणजे आंत विचारावें, अशी पुष्कळ संगणकांची रीत असते. बाहेरूनच ‘आहे’ असें उत्तर आलें, कीं संगणक तेथेंच थांबतो, आणि कचेरीची फाईल मागणारा मनुष्य जाहिरातींच्या दारांत उभा राहतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच घडून दोन दिवस दोष संगणकावर, मग सूनबाईंवर, आणि शेवटीं वाय-फायवर ठेवण्यांत आला होता.

ह्या असत्याची किंमत जगानें कशी भरली, ह्याचें एक उदाहरण फारच बोलकें आहे. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्यें वरच्या पट्टींत मनुष्य एखादा सुटा शब्द लिहितो, तेव्हां तो शोधावयाचा शब्द आहे कीं कचेरींतील यंत्राचें नांव, हें ठरविणें भाग पडतें. रिझॉल्व्हर खरें बोलत असेल तर हें सोपें. तो खोटें बोलत असेल तर? म्हणून क्रोम सुरू होतांच तो सात ते पंधरा अक्षरांचीं तीन निरर्थक नांवें बनवी आणि विचारून पाही. त्यांतल्या दोहोंचा रोख एकाच ठिकाणीं गेला, तर कंपनी खोटी उत्तरें देते असें तो समजे. साक्षीदाराची सचोटी पाहण्यासाठीं त्यास मुद्दाम खोटा प्रश्न विचारण्याची वकिली युक्तीच ही! परंतु अशीं निरर्थक नांवें शिखरावरील मूळ सर्व्हरांपर्यंत पोंचत, आणि क्रोम कोट्यवधि यंत्रांवर असल्यानें २०२० सालच्या पाहणींत मूळ सर्व्हरांवरील जवळजवळ निम्मे प्रश्न ह्याच जातीचे निघाले. गूगलनें त्या वर्षाच्या अखेरीस ही पद्धत बदलली, तेव्हां रोजचे सुमारें १४३ अब्ज प्रश्न होते ते ८४ अब्जांवर उतरले. ही मोजदाद प्रसिद्ध केली ती व्हेरिसाईननें, हा योगायोगही नोंदण्यासारखा.

ह्या व्यापाराचा बहर पुढें ओसरला, पण तो पश्चात्तापानें नव्हे. नांवांच्या उत्तरांवर गुप्तलिपीची मोहोर उमटविण्याची डीएनएसएसईसी नांवाची पद्धत जुलै २०१० मध्यें शिखरापासून लागू झाली. तींत ‘नाहीं’ ह्या उत्तरावरही सही असते, आणि मधल्यानें बदललेलें उत्तर ताबडतोब उघडें पडतें. कॉमकास्टनें ही पद्धत पुरी अंमलांत आणली तेव्हां, जानेवारी २०१२ मध्यें, आपला ‘डोमेन हेल्पर’ गुंडाळला. दोन्ही एकत्र नांदूं शकत नाहींत हें तिनेंच स्पष्ट सांगितलें. जर्मनींतील साहाय्य २०१९ सालीं, एका वापरणारानें फौजदारी तक्रार केल्यावर, बंद झालें. शिवाय आतां बहुतेक सर्व संकेतस्थळांचा व्यवहार सुरक्षित जोडणीनें चालतो. तिला त्या नांवाचें प्रमाणपत्र लागतें, आणि तें जाहिरातवाल्यापाशीं नसतें. सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आज्ञेनें एखादें स्थळ बंद करण्यासाठींही खोटीं उत्तरें देण्यांत येतात, भारतांतही तो प्रकार आहे. पण त्याचा न्याय-अन्याय हा निराळ्या लेखाचा विषय.

आपल्या भाषेपुरतें एक लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हें नामकुल देवनागरींत उघडलें असून मराठी नांवेंही त्यांत घेतां येतात. तेथें ‘कीर्ति’ आणि ‘कीर्ती’ हीं यंत्राच्या दृष्टीनें अगदीं निराळीं नांवें आहेत. आमच्या पिढीचें शुद्धलेखन आणि नातवंडांचें शुद्धलेखन ह्यांत जेथें फरक, तेथें नांव चुकण्याचा संभव. आणि चुकलेल्या नांवास निखळ ‘नाहीं’ मिळण्याची गरज अशा ठिकाणीं अधिकच.

उपाय घरगुती आहे. घरांतील राउटरच्या सेटिंगमध्यें डीएनएसच्या रकान्यांत कंपनीच्या रिझॉल्व्हरऐवजीं दुसऱ्याचा अंक घालतां येतो. गूगलचा चार वेळां आठ हा अंक डिसेंबर २००९ पासून, आणि क्लाउडफ्लेअरचा चार वेळां एक हा एप्रिल २०१८ पासून सर्वांस मोकळा आहे, आणि नसलेल्या नांवास दोघेही ‘नाहीं’ असेंच सांगतात. एकदां बदल केला म्हणजे घरांतील बहुतेक यंत्रांस तो लागू होतो. मात्र जो उत्तर देतो त्यास आपले सर्व प्रश्न दिसतात, हें विसरूं नये. एका सावकाराचें खातें बंद करून दुसऱ्याकडे उघडण्यासारखेंच हें आहे. म्हणून आधीं गरज आहे कीं नाहीं तें पाहावें. त्यासाठीं कीबोर्डवर वीस-पंचवीस अक्षरें मनास येतील तशीं बडवावीं, शेवटीं ‘डॉट कॉम’ जोडावें, आणि काय दिसतें तें पाहावें. ब्राउझरचा रूक्ष संदेश आला, तर कांहीं करावयास नको. जाहिरातींचें पान आलें, तर राउटर उघडावा. अक्षरें बडविण्याचें काम घरांतील सर्वांत धाकट्या मुलाकडे दिल्यास तो तें मोठ्या आनंदानें करील.